नकाशा ज्याच्या मांडीवर

२ मे

प्रिय ताई,

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं, उरलेलं अर्धं तू मनानं भरतेस आणि मग आपलं वाजतं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. छापखान्यातल्या यंत्रांनी तुझे कान खाल्ले, पण डोळे शाबूत ठेवलेत, तेवढं नशीब. चष्मा लाव आणि नीट वाच.

तर आमचा बेत पक्का झालाय. चौघंही गाडीनं निघतोय. आधी लंबूला तळ्याकाठच्या कॅम्पला सोडायचं. तू त्याला बघितलंस तेव्हा बरा होता, आता दारातून वाकून आत येतो आणि दिवसभरात बोलतो एवढंच: 'हं', 'नाही' आणि 'भूक लागली'. मग खारूला घेऊन कॉलेजं बघत बघत शेवटी तुझ्या गावी, तुझ्या दारात. खरं सांगू? बाकीची कॉलेजं नुसती तोंडी लावायला. मला ती तुझ्याच गावच्या कॉलेजात हवीय. तू तिथंच शिकलीस, ती तुझ्या घरी राहील, मला वाटेल तेव्हा सकाळी निघून दुपारी तिचं तोंड बघून येता येईल. सतरा वर्षांची घोडी झाली तरी झोपताना अजून 'आई, दार थोडं उघडं ठेव' म्हणते. तिला एकदम परमुलखात कुठं धाडू? तिच्याशी हे अजून स्पष्ट बोलले नाहीये. घाई केली की बिथरते. तुझं घर बघितलं की आपोआप हो म्हणेल.

मागची खोली रिकामी आहे ना?

गाडी मीच चालवणार. हे नेहमीसारखे मागे बसून घोरणार आणि उतरल्यावर 'रस्ता छान होता' म्हणणार. आणि नियम अण्णांचाच! मोबाइल सगळ्यांचे कप्प्यात बंद. नकाशा ज्याच्या मांडीवर, तो म्हणेल तिकडे गाडी वळणार. ड्रायव्हरनं तोंड उघडायचं नाही. आणि 'नक्की का?' असं जो कोणी विचारेल, त्यानं घरी आल्यावर गाडी धुवायची. पोरं म्हणतात, आई, जगात असं कुणीच करत नाही. मी म्हटलं, तुमचे आजोबा वर्षभर एकाच ठरलेल्या रस्त्यानं बस चालवायचे, सुट्टीत तरी दुसऱ्या कुणी रस्ता सांगावा असं त्यांना वाटायचं. त्यांना काही पटलं नाही, पण पाळतात.

लगेच उत्तर टाक.

तुझी,
बारकी

७ मे

बारके,

लगेच टाकतेय, नाहीतर फोन करशील.

खोली रिकामी आहे. खास काही केलेलं नाही. भिंतींना रंग द्यायचाच होता, तो दिला. फिकट पिवळा. दुकानदारानं विचारलं, कोण येतंय? म्हटलं, कुणी नाही. टेबल खिडकीपाशी सरकवलंय, म्हणजे लिहिताना उजेड डाव्या बाजूनं येतो. छापखान्यातल्या सुताराकडून पुस्तकांची फळी ठोकून घेतली, तीही त्याच्याकडं लाकूड उरलं होतं म्हणून. गादी मात्र नवीन आणली. जुनीच्या मधोमध खळगा पडलाय आणि तो माझ्या मापाचा आहे. यातलं पोरीला काही सांगू नकोस, उगाच भाव खाईल.

नियमाचं वाचून हसू आलं. आठवतं का, तू सात वर्षांची असशील, नकाशा उलटा धरलास आणि आम्हाला समुद्राऐवजी विटांच्या भट्टीवर नेऊन उभं केलंस? अण्णा शांतपणे उतरले, आईनं सतरंजी अंथरली आणि समुद्रावर खायची उकडलेली अंडी आपण विटांच्या ढिगाच्या सावलीत खाल्ली. भट्टीवाला बिचारा पाण्याची कळशी घेऊन आला. तू आपली 'समुद्र कुठाय, समुद्र कुठाय' म्हणून भोकाड पसरलेलं! अण्णा एका शब्दानं म्हणाले नाहीत की बये, उलटा धरला होतास. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, पुढच्या वेळी समुद्र. त्या खटाऱ्याच्या मागच्या सीटचा वास अजून माझ्या नाकात आहे. तापलेलं रेक्झिन, संत्र्याची सालं आणि तू. तू नेहमी ओकायचीस.

या. वाट बघतेय, असं मी लिहिणार नाही, पण या.

ताई

१७ मे

मावशी,

इथे रविवारी घरच्या कुणाला तरी पत्र लिहिल्याशिवाय जेवायला सोडत नाहीत. आज तुझा नंबर. तंबूत आम्ही चौघं आहोत आणि एकाच्या पायांना भयंकर वास येतो, बहुतेक माझ्याच. काल होडी उलटली. मी उलटवली नाही, मी फक्त उभा राहिलो. मला सोडताना खारूनं एक गोष्ट सांगितलीय, पण कुणाला सांगायची नाही असं कबूल केलंय, म्हणून सांगत नाही. पण तू खोली वगैरे रंगवू नकोस. घंटा झाली.

लंबू

१८ मे

प्रिय ताई,

हे पत्र अतिथीगृहाच्या व्हरांड्यातून लिहितेय. समोर डोंगर, मागे डोंगर, आणि मध्ये यांचं घोरणं.

लंबूला सोडलं. तोंडदेखलं तरी जवळ येईल म्हटलं, तर लांबूनच हात हलवला. मित्रांसमोर आई नको असते ना! मी गाडीत येऊन स्टिअरिंग धरून रडले, तर खारूनं माझ्या हातावर हात ठेवला. बघ, पोरगी अशी आहे. अशी पोरगी लांब कशी पाठवायची, तूच सांग.

पहिलं कॉलेज म्हणजे नुसत्या काचा. दुसऱ्याच्या कॅन्टीनमधला चहा प्याले आणि नाव खोडलं. आणि हे तिसरं जंगलांचं. हो, झाडं, माती, लाकूड असं शिकवतात. वाटेत पडतं म्हणाली खारू, म्हणून आलो. कसलं वाटेत! इथून आपलं घर दोन दिवसांवर. तिथं एका खोलीत भिंतभर खण आहेत आणि प्रत्येक खणात लाकडाच्या गोल चकत्या. तिथल्या बाई वयस्कर, बुटांना चिखल, त्यांनी खारूला डोळे मिटायला लावून एकेक चकती नाकाशी धरली. आमची बया सांगतेय काय, 'ही पेन्सिलीसारखी, ही पावसात भिजलेल्या कपाटासारखी'. बाई खूश! एक चकती भेट दिली. तेव्हापासून ती हिच्या खिशात आहे. जेवताना काढते, वास घेते, परत ठेवते. लहानपणी खिशात शेंगदाणे साठवायची, अजून तस्सा पोरखेळ.

तर ते असो. परवा दुपारी जेवायला तुझ्याकडे, हे फोनवरही सांगते. भांडी भरून रांधून ठेव, पोट रिकामं ठेवून येतोय.

तुझी,
बारकी

२३ मे

प्रिय ताई,

फोनवर तुला किती कळलं कोण जाणे, म्हणून परत सांगते. चिडू नकोस.

नकाशा खारूच्या मांडीवर होता. तुझ्या गावाकडचा तो नवा मोठा रस्ता झाल्यापासून मी पहिल्यांदाच येत होते, मला तिथलं काही ओळखू येईना. आणि ही आपली 'सरळ, सरळ' म्हणत राहिली. तुझ्या गावाची पाटी कुठं दिसलीच नाही, झाडामागे असेल. नियम म्हणून मी गप्प. नदी ओलांडली, साखर कारखाना मागे पडला, तेव्हा हे मागून जागे झाले आणि म्हणाले, 'अगं, हा घरचा रस्ता.' तोवर संध्याकाळ होत आली होती, दुसऱ्या दिवशी यांना औषधांचं दुकान उघडायचं होतं. तसेच घरी आलो. आजकालच्या पोरांना मोबाइल काढून घेतला की दिशा कळत नाहीत, दुसरं काय.

आल्या आल्या मी गाडी धुतली. चिखलानं माखली होती.

तू एकटी ताट मांडून बसली असशील, या विचारानं माझ्या घशाखाली घास उतरत नाही. जूनमध्ये कॉलेजला कळवायची मुदत आहे, त्याआधी तिला घेऊन येतेच.

तुझी,
बारकी

२७ मे

बारके,

काही बिघडलं नाही. तुम्हा चौघांचं... बरं, तिघांचं, मी आणि शेजारीण दोन दिवस खात होतो. तिला सगळं आवडलं. आता रोज विचारते, पाहुणे परत कधी चुकणार आहेत?

मी काही दारात वगैरे बसले नव्हते. पायरीवर ऊन छान होतं, म्हणून बसले.

पण मला एक समजत नाही. तू बस ड्रायव्हरची पोरगी. डोळ्यांवर पट्टी बांधली तरी गाडी कुठं चाललीय ते तुला बसल्या सीटवरून कळतं. पाटी झाडामागे होती? माझ्या गावच्या फाट्यावर एकही झाड नाही. रस्ता रुंद केला तेव्हा सगळी तोडली, तोडू नका म्हणून मी तेव्हा अर्जावर सही केली होती.

असो. खारूला माझा निरोप दे. म्हणावं, मावशी रागावलेली नाही.

ताई

१ जून

प्रिय मावशी,

आईनं तुझा निरोप दिला आणि मला रडूच आलं. तू रागवायला हवंस.

ते वळण मी मुद्दाम जाऊ दिलं. माझं बोट तुझ्या गावावरच होतं. सरळ म्हणताना माझा आवाज इतका कापत होता की आईला कळणारच, असं वाटलं. तिला कळलं नाही. घरी आल्यावर मला काही न बोलता ती एकटीच गाडी धूत बसली, मला अजूनच कसंतरी झालं.

मला जंगलांच्या कॉलेजात जायचंय. लाकडाच्या त्या खोलीत मला पहिल्यांदा असं वाटलं की मला एक गोष्ट येते. बाकी ठिकाणी मी नुसती मार्क आणणारी मुलगी. पण आईनं सगळं ठरवून ठेवलंय, आणि तू खोली केलीयस हेही मला माहीत होतं. आई फोनवर बाबांना सांगत होती, 'पिवळा रंग दिलाय म्हणे, टेबलही खिडकीपाशी सरकवलंय.' मावशी, मी तुझ्या दारात आले असते, ते टेबल बघितलं असतं, तू 'बस' म्हटलं असतंस, तर मला नाही म्हणताच आलं नसतं. लहानपणी तुझ्याकडे यायचे तेव्हा छापखान्यातले कागदाचे कातरलेले तुकडे तू पोतंभर माझ्यासाठी ठेवायचीस. मला त्या पोत्यात बसायला मिळायचं. तुला नाही कसं म्हणतात, मला माहीतच नाही.

कॉलेजला वीस तारखेच्या आत कळवायचंय. आईला अजून सांगितलं नाही. तूही सांगू नकोस ना, प्लीज.

तुझी,
खारू

४ जून

खारू,

पत्र वाचून आधी चहा सांडला, मग तुझ्यावर ओरडले. शेजारीण धावत आली. आता राग संपलाय.

ऐक. त्या दिवशी मी दुपारभर पायरीवर होते. प्रत्येक गाडीच्या आवाजाला उठायचे, आणि मला तर आवाज धड येतही नाहीत, म्हणून रस्त्यावरच नजर ठेवली होती. हे तुला ठाऊक असायला हवं. तू यावीस असं मला फार फार वाटत होतं. आता ते लिहून टाकलं, बरं वाटलं. पण माझ्या पिवळ्या भिंतींसाठी कुणी कॉलेज निवडतं का, वेडे? भिंती कुठं जात नाहीत.

तुझ्या आईला मी सांगणार नाही. तूच सांग. स्वयंपाकघरात सांग. तिच्या हाताला काम असलं की ती कमी रडते.

मावशी

४ जून

बारके,

आज तुला एका जुन्या सहलीची आठवण करून द्यायचीय. मला हॉस्टेलवर सोडायला निघालो होतो ती. तू नऊ वर्षांची, मागे ट्रंकेवर पाय पसरून बसलेली. तू आयुष्यभर सगळ्यांना सांगत आलीस की ती आपली सगळ्यात मज्जेची सहल, आणि मी दर वेळी गप्प बसले.

नकाशा माझ्या मांडीवर होता. मला जायचंच नव्हतं गं. आई, तू, आपला तो गॅलरीतला झोपाळा, सगळं सोडून कुठल्या तरी खाटेवर जाऊन झोपायचं होतं. म्हणून मी वाट्टेल ते सांगत सुटले. डावीकडे म्हटलं की अण्णा डावीकडे. उजवीकडे म्हटलं की उजवीकडे. धरणावर नेलं, रोपवाटिकेत नेलं, एकाच पुलावरून तीनदा नेलं आणि तू दर वेळी खिडकीतून 'नवा पूल! नवा पूल!' म्हणून ओरडलीस. अण्णांनी भुवईसुद्धा हलवली नाही. दिवस कलला तशी मीच दमले. मीच म्हटलं, आता सरळ.

हॉस्टेलच्या फाटकाशी चहाची टपरी होती. अण्णा ट्रंक उतरवत होते तेवढ्यात टपरीवाला म्हणाला, 'काय ड्रायव्हरसाहेब, आज साध्या कपड्यात?' मग मला उलगडलं. माझ्या जन्माआधीपासून त्यांची बस त्याच फाटकावरून जायची. तो रस्ता त्यांना तोंडपाठ होता. दिवसभर मी त्यांना भलतीकडे फिरवत होते आणि ते फिरत होते. मी त्यांच्याकडे बघितलं, तर म्हणाले, 'ट्रंकेला कुलूप नीट लागतं ना?' बस, एवढंच.

जिथं पोहोचायचं नव्हतं त्याच गावात माझं सगळं आयुष्य गेलं. चांगलं गेलं. पण ते 'सरळ' मी स्वतः म्हटलं होतं, म्हणून चांगलं गेलं, असं मला आता वाटतं.

आज हे का लिहिलं, ते विचारू नकोस.

ताई

११ जून

ताई,

विचारत नाही. खारूनं परवा सांगितलं. मी भांडी घासत होते, ती मागे येऊन उभी राहिली आणि एका दमात सगळं बोलून मोकळी झाली. मी कढई इतकी घासली की तिचा तळ चकचकीत झाला.

आता माझं ऐक. मला पाटी दिसली होती.

निळी, ही एवढी मोठी, तुझ्या गावाचं नाव आणि बाण. तू म्हणतेस तसं, एक झाड नाही. माझा हात इंडिकेटरवर गेला होता. तेवढ्यात 'सरळ' असं तिनं म्हटलं. तो आवाज मी ओळखते, लहानपणी ताप लपवायची तेव्हा असाच यायचा. मी तिच्याकडे बघितलं. मान खाली, बोट तुझ्या गावावर इतकं दाबलेलं की नख पांढरं पडलं होतं. मला सगळं समजलं, ताई. मला ते जंगल समजलं, तिच्या खिशातली चकती समजली. मी हात काढून घेतला आणि सरळ गेले. आणि तुला मात्र लिहिलं, पोरांना दिशा कळत नाहीत! काय करू, मी सरळ गेले असं कागदावर लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं, ती खरंच जाणार असं झालं असतं. कॉलेजची मुदत संपेपर्यंत तिचं ते न बोलणं आणि माझं ते न बोलणं, तेवढेच दिवस मला हवे होते.

तुझ्या पत्रातलं एक तुला ठाऊक नाही, ते मी सांगते. तुला सोडून आलो त्या संध्याकाळी अण्णांनी गाडी धुतली. मी पाइप धरला होता. मी विचारलं, अण्णा, 'नक्की का?' तर कुणीच म्हणालं नाही, मग तुम्ही का धुताय? तर म्हणाले, 'मी मनातल्या मनात विचारलं होतं.' तेव्हा मला काही कळलं नाही. या वेळी बादली भरताना आठवलं. खारू खिडकीतून बघत होती, ते मला माहीत होतं. तिला नियम ठाऊक आहे. काल म्हणते कशी, 'आई, चिखल नव्हताच गं गाडीला.'

ती जाणार आहे. कॉलेजला कळवलं. मी रडले, हे मोठ्यानं 'रस्ता छान आहे' म्हणाले, आणि लंबू कॅम्पवरून येऊन म्हणतो, मला तर आधीच माहीत होतं, भूक लागली.

मला फक्त तुझं वाईट वाटतं. तुम्ही दोघी एका छपराखाली सापडल्या असत्या मला. त्या खोलीचं तू काय करशील गं?

तुझी,
बारकी

१५ जून

बारके,

खोलीचं काय करायचंय? आहे तिथं आहे. सुट्टीत येईल तेव्हा येईल, टेबल आहे, गादी आहे. सध्या मी दुपारी तिथं जाऊन वाचत बसते. उजेड खरंच चांगला येतो. फळीचा एक कोपरा सुताराकडून कापून घेतलाय, पत्रासोबत पाठवतेय. खारूला दे आणि डोळे मिटायला लाव. कुठलं लाकूड, ते सुतारालाही धड सांगता आलं नाही. तिला आलं तर कळवा, नाही आलं तर शिकून कळव म्हणावं.

अण्णांनी गाडी धुतली, हे तू मला इतक्या वर्षांनी सांगतेस? त्या दिवशी फाटकातून मी मागे वळून बघितलं नाही, कारण बघितलं तर रडेन अशी भीती होती. मला आयुष्यभर वाटत राहिलं की ते निवांत घरी गेले असतील. बरं झालं सांगितलंस.

आता कामाचं. तिला सोडायला निघाल तेव्हा आधी माझ्याकडे या. पाटी निळी आहे, झाड नाही, चुकायची सोय नाही. मी पायरीवर असेन, आणि या वेळी उन्हासाठी नाही. मी तुमच्याबरोबर येणार आहे. मेहुण्यांना म्हणावं, मागे जरा सरकून घोरा, लंबूचे पाय खिडकीबाहेर काढा. पुढची सीट माझी, नकाशा माझ्या मांडीवर. जंगलाच्या कॉलेजचा रस्ता मला अजिबात ठाऊक नाही, आणि मी तो आधी कुणाला विचारणारही नाही. वाटेत मी डावीकडे म्हणेन, उजवीकडे म्हणेन, एखाद्या पुलावरून दोन-तीनदा नेईन. कुणी काही बोलायचं नाही. दमलो की खारू म्हणेल सरळ, मग जाऊ सरळ.

आणि परत आल्यावर गाडी मी धुणार.

ताई